शून्य क्रेडिटचा विषय

१२ सप्टेंबर २०२३, मंगळवार

आज तास काय रंगला! कोणत्या विषयाला किती क्रेडिट, कशात पास झालंच पाहिजे, काय ऐच्छिक — प्रथम वर्षाच्या पोरांना हे समजावण्याचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. प्रोग्रॅमिंगला चार, डेटाबेसला चार, पर्यावरणाला दोन... पोरं जांभया देतात. आज एकानेही दिली नाही.

शेवटी कॉमर्सकडून आलेल्यांचा विषय निघाला. बारावीला गणित नव्हतं अशांना गणिताचा एक छोटा ब्रिज कोर्स करावा लागतो, पुढचं झेपावं म्हणून. त्याला क्रेडिट शून्य. गुणपत्रिकेत जागासुद्धा नाही बिचाऱ्याला. तेवढ्यात पहिल्या बाकावरची अरिबा उभी राहिली. कसब्यातलीच आहे, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. इम्तियाजभाई बाइंडरची मोठी मुलगी. "मॅडम, ब्रिजची टेस्ट आणि माझी कोडिंगची स्पर्धा एकाच दिवशी येतेय. काय करू?"

मी म्हटलं, "अगं, शून्य क्रेडिटचा विषय म्हणजे लग्नातला फेटा! घातला तर शोभा. नाही घातला म्हणून कोणी लग्न मोडत नाही. जा बिनधास्त स्पर्धेला."

वर्ग हसून कोसळला. मागच्या बाकावरच्या दिग्विजयने तर तबल्यासारखा बाक वाजवला. गणिताच्या बाईला हशा मिळतो कधी? आज मिळाला.

घरी येऊन वैजनाथला हा विनोद ऐकवला. तो "बरं" म्हणाला आणि पेपर उलटला. वाशिमच्या माणसाशी लग्न करून इतकी वर्षं झाली, पण विनोदाच्या बाबतीत अजून ब्रिज कोर्सच चालू आहे.

९ ऑक्टोबर २०२३, सोमवार

अरिबाच्या टीमला स्पर्धेत दुसरा नंबर! प्राचार्य रविराज सर स्टाफ मीटिंगमध्ये म्हणाले, "सरोजिनी मॅडमनी मुलीला प्रोत्साहन दिलं." मी उगाच पदर सारखा केला.

ब्रिजची टेस्ट बाकीच्यांनी दिली. सगळे पास.

९ फेब्रुवारी २०२६, सोमवार

ही वही मी सुखात असले की उघडत नाही. आज उघडली.

विद्यापीठाने तिसऱ्या वर्षाच्या मुलांची पात्रता तपासून पाठवली. सगळ्यांची ठीक. फक्त अरिबाच्या नावापुढे शेरा — "ब्रिज कोर्स अपूर्ण. अंतिम निकाल राखीव." म्हणजे सगळी सेमिस्टर पास झाली तरी पदवी नाही.

 कपाटातून ते जुनं परिपत्रक काढलं. पहिलं पान मला पाठ होतं. दुसरंही. तिसरं पान मी बहुधा आजच पाहिलं. "क्रेडिट शून्य असले तरी उत्तीर्ण होणे बंधनकारक." खाली जाड रेघ. शंका घ्यायला जागाच नाही.

प्रश्न पूर्ण न वाचता उत्तर लिहिणाऱ्या पोरांचे मी गुण कापते. आणि स्वतः पान न उलटता वर्गात विनोद करून आले!

पुढची नेहमीची परीक्षा डिसेंबरात. अरिबाला हिंजवडीच्या कंपनीने घेतलंय, रुजू व्हायचं जुलैत, हातात अंतिम निकाल घेऊन. नसला तर जागा गेली. कॅम्पसमध्ये आमच्या कॉलेजात कंपन्या येतातच किती? लोणी काळभोरपर्यंत यायचा त्यांना कंटाळा.

१० फेब्रुवारी

अरिबा स्टाफरूममध्ये आली. नेहमीसारखीच, सरळ मुद्द्यावर. "मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात ना जा म्हणून. सरांना तेवढं सांगा फक्त. मग ती कॉलेजची चूक धरतात. परीक्षा विभागात विचारून आलेय मी. कॉलेजने चूक मान्य केली तर विद्यापीठ एप्रिलमध्ये स्पेशल परीक्षा देतं."

सगळं शोधून आलीये! मी नुसतं म्हटलं, "बघू या."

"बघू या काय मॅडम?"

"अगं, बघू या म्हटलं ना."

शुक्रवारी समितीसमोर बैठक आहे. विद्यार्थिनीची हयगय की कॉलेजची चूक, ते तिथे ठरणार.

माझी मान्यतेची मुलाखत ६ मार्चला आहे. इतकी वर्षं दर जूनमध्ये नवा करार, नवी धाकधूक. यंदा पहिल्यांदा कायम होण्याची वेळ आलीये. आणि समितीत लिहिलं जाणार — "संबंधित शिक्षिकेने चुकीचे मार्गदर्शन केले." हे वाचून कोण कायम करतं?

पण सांगायला तर हवंच. सांगेन.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

नाही सांगितलं. त्याहून वाईट केलं.

रविराज सर, परीक्षा अधिकारी आणि मी एका बाजूला. समोर अरिबा एकटी. हातातला फोन तिने टेबलावर ठेवलेला, त्यावर बोटं. म्हणाली, "मला मॅडमनी सांगितलं होतं. वर्गात, सगळ्यांसमोर. टेस्ट नाही दिली तरी चालेल म्हणून."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम?"

मी म्हटलं, "असं मी कसं सांगेन सर? नियम मला माहीत आहेत."

एका दमात बोलले. अडखळलेसुद्धा नाही! जणू हे वाक्य घरून डब्यात भरून आणलं होतं.

अरिबा माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. प्रोग्रॅम बरोबर लिहिलाय, मग उत्तर चुकीचं का येतंय, असं पोरं स्क्रीनकडे बघतात तसं. मी वर पंख्याकडे पाहिलं. सर तिला म्हणाले, "आधी तो फोन आत ठेवा. बैठक चाललीये इथे." ती क्षणभर तशीच बसली. मग तिने फोन पिशवीत टाकला.

मग दिग्विजयला बोलावलं. तोही त्याच वर्गातला. "आठवत नाही सर. मी बहुतेक गैरहजर होतो त्या दिवशी." तोच, बाक वाजवणारा! त्याचे अंतर्गत गुण अजून माझ्या हातात आहेत. त्याच्यावर चिडायचा मला काडीचा अधिकार नाही, तरी दिवसभर मी त्याच्यावरच चिडत होते.

निर्णय — विद्यार्थिनीची हयगय. परीक्षा डिसेंबरात.

बाहेर पडताना अरिबा दारात थांबली आणि मला आधी जाऊ दिलं. शिक्षक आधी, ही तिची सवय. मी गेलेही.

१४ फेब्रुवारी

लाज वाटते. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

बसस्टॉपला जायचा माझा रस्ता इम्तियाजभाईंच्या दुकानावरून जातो. शनिवारपासून फडके हौदाकडून वळसा घालते. काल एक बस चुकली, आज दुसरी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

आणि वळसा घालून मिळवलं काय? मान्यतेसाठीची माझी कागदपत्रं बांधून आणायला मी आमच्या शिपाई दशरथकडे दिली होती. "चांगल्या ठिकाणी दे रे," एवढंच म्हटलं होतं. मुलांच्या प्रोजेक्टची काळी पुस्तकं कुठे बांधली जातात हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! पण मन कुठे ठिकाणावर होतं?

दशरथ आज फाईल घेऊन आला. "लई झ्याक झालीया मॅडम! इम्तियाजभाई म्हनले, पोरीच्या मॅडमची फाईल हाय, कारागिराला नाय द्यायची. सोनेरी अक्षरं सोता ठोकली त्यांनी."

काळा कापडी पुठ्ठा. कोपरे नीट दुमडलेले. वर सोनेरी अक्षरांत माझं नाव, पुढे एम. एस्सी. (गणित). एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

म्हणजे अरिबाने घरी काही सांगितलेलं नाही. मी फाईल टेबलाच्या खालच्या खणात ठेवली, उलटी.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

अरिबाने घरी सांगितलंय. किंवा कॉलेजच्या पत्रावरून कळलंय. सकाळी अरिबाच्या आईचा, नसीमबानूंचा फोन आला. "मॅडम, जरा घरी येऊन जाल का? तुमची माफी मागायची आहे."

माझी माफी! गेले. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

दुकानाच्या वरच दोन खोल्या. नसीमबानूंनी सरबत आणलं. मी अर्धा पेला घटाघटा प्यायले आणि मग लक्षात आलं — रमजान सुरू आहे. घरातल्या कोणीच सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही. मी पेला खाली ठेवला. तर म्हणतात, "घ्या हो, तुम्ही पाहुण्या. आमचा रोजा काही तुमच्या पिण्याने मोडत नाही." उरलेलंही प्यावं लागलं.

मग त्यांनी अरिबाला बाहेर बोलावलं. "मॅडमसमोर उभी राहा. मोठ्या माणसांचं नाव खोट्यात ओढलंस तू. स्वतः अभ्यास करायचा नाही आणि शिक्षकांवर ढकलायचं? हे शिकवलं मी तुला? माफी माग."

 मी जमिनीवरच्या फरशा बघत होते. कोपऱ्यात तिची धाकटी बहीण जुवेरिया बारावीचं पुस्तक घेऊन बसली होती, कॉमर्सचीच, एका कानात इअरफोन. तिने तो खस्सकन ओढून काढला. "दीदी, तू कशाला माफी मागतेस? तुझ्याकडे तर—"

"तू गप बस. पेपर आहे ना उद्या?" अरिबाने तिला दाबलं. मग माझ्याकडे वळून, शब्द मोजून म्हणाली, "सॉरी मॅडम. माझी ऐकण्यात चूक झाली असेल."

आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "असू दे गं. होतं असं."

मी तिला माफ केलं! मी!

निघताना नसीमबानू जिन्यापर्यंत आल्या. "हिलाही तुमच्याच कॉलेजात घालणार आहे," जुवेरियाकडे बोट दाखवून म्हणाल्या. "तुम्ही आहात म्हणून काळजी नाही." खाली इम्तियाजभाई गोंदाचा हात पुसत उठून उभे राहिले. फाईल आवडली का विचारत होते.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लहानपणी नुसतं ऐकलं होतं.

२५ फेब्रुवारी

आज सरांना सांगणार होते. केबिनच्या दारापर्यंत गेले. सर फोनवर होते. थांबता आलं असतं.

१ मार्च, रविवार

कोणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना. वैजनाथला सांगितलं — पण कसं? "आमच्या कॉलेजातल्या एका मॅडमचं असं असं झालंय" म्हणून! सगळं सांगितलं, फेटा वगळून. फेटा ऐकला असता तर ओळखलं असतं त्याने.

तो भाजी निवडत होता. हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. रागावला की त्याची वाशिमची बोली वर येते. "अशी बाई हाय तुमच्या कॉलेजात? पोरीनं माफी मागतली अन् हिनं घेतली? तिच्या हातचा चहाबी पिऊ नको बाप्पा!"

मी म्हटलं, "तिची नोकरी पणाला लागलीये रे."

"अन् पोरीची?"

मी उठून स्वयंपाकघरात आले. थोड्या वेळाने बाहेरून हाक आली, "सरू, चहा ठेवतं का?"

ठेवला. त्याला दिला. तो प्यायला.

६ मार्च, शुक्रवार

मुलाखत झाली. विद्यापीठाचे तिघे. सोनेरी अक्षरांची फाईल समोर. मधले गृहस्थ पुठ्ठ्यावरून हात फिरवत म्हणाले, "बाइंडिंग कुठे केलंत? हल्ली असं काम बघायला मिळत नाही."

मग प्रश्न. लिमिट, मॅट्रिक्स, सगळं नीट गेलं. शेवटचा प्रश्न — "पदवीच्या अटी मुलांना कळत नाहीत, मग ऐनवेळी गोंधळ होतो. तुम्ही काय करता?"

मी इतकं सुरेख उत्तर दिलं! परिपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवते. शून्य क्रेडिटच्या विषयांवर विशेष भर देते. प्रत्येक मुलाची अडचण स्वतंत्र ऐकून घेते. तिघांनी माना डोलावल्या. एकाने लिहूनही घेतलं.

बाहेर आले आणि वॉशरूममध्ये तोंड धुतलं. आरशात पाहायची हिंमत झाली नाही, हे पुस्तकी वाटेल, पण नाही झाली. पदराने तोंड पुसून तशीच निघाले.

९ मार्च, सोमवार

सांगितलं.

मुलाखत होऊन गेल्यावर सांगितलं, हेही इथे लिहून ठेवते. उद्या मीच मला म्हणेन की मी फार धीराची. त्या वेळी हे पान काढून वाचावं.

सर डबा उघडत होते. मी खुर्चीवर न बसताच म्हटलं, "सर, अरिबा खरं बोलत होती. मीच तिला टेस्ट बुडवायला सांगितलं होतं. बैठकीत मी खोटं बोलले."

सरांनी डबा परत बंद केला.  मग त्यांच्या नेहमीच्या सुरात, "वा. छान. आणि हे आपल्याला आज आठवलं?"

"आठवत होतं सर. तेव्हाही."

"असं." चष्मा काढून पुसला. "मुलगी तेव्हा एकटी बसली होती समोर. मी तिला फोन आत ठेव म्हणून डाफरलो वर." ते हे मला कशाला सांगत होते कोण जाणे. मग कोरडेपणाने पुढचं सांगितलं. कॉलेजची चूक म्हणून आजच पत्र जाईल. 'शिक्षिकेकडून चुकीचे मार्गदर्शन' असं स्पष्ट लिहावं लागेल. माझ्या मान्यतेवर त्याचा परिणाम होईल, तो त्यांच्या हातात नाही. "बैठकीत तुम्ही नाही म्हणालात, ते मी पत्रात लिहीत नाही. ते तुमचं आणि त्या मुलीचं आहे. तुमचं तुम्ही बघा."

दार ओढताना मागून म्हणाले, "आणि मॅडम — फेटा म्हणालात म्हणे? कोणीतरी मला तेव्हाच सांगितलं होतं. मी हसलो होतो."

घरी येऊन वैजनाथला म्हटलं, ती बाई मीच. तो म्हणाला, "ठाऊक होतं. चहा पेताना तुझ्या तोंडाकडं पाह्यलं मी." एवढंच. मग भांडी त्याने घासली.

११ मार्च

अरिबाला वर्गाबाहेर गाठलं. "अरिबा, मला तुला—"

"सरांनी सांगितलं मला मॅडम. परीक्षेची तारीख कळली की कळवा."

आणि गेली. मी काय अपेक्षा केली होती? गळ्यात पडेल?

२१ मार्च, शनिवार

ईद. दुपारी इम्तियाजभाई स्वतः डबा घेऊन आले. शीरखुर्मा. सोबत नसीमबानूंचा निरोप — "मॅडमनी शब्द टाकला म्हणून पोरीला स्पेशल परीक्षा मिळाली. अल्ला त्यांना बरकत देवो."

शब्द टाकला! अरिबाने घरी खरं सांगितलेलं नाही म्हणजे. मी दारात उभी. आत्ता सांगावं, याच पावली सांगावं... इम्तियाजभाई कडक इस्त्रीच्या कपड्यात, अत्तर लावलेले, इतके खुशीत होते. मी म्हटलं, "ईद मुबारक." डबा घेतला.

वैजनाथने दोन वाट्या खाल्ल्या. मला घास गिळवला नाही. परवा पाडव्याचं श्रीखंड केलं होतं, ते त्याच डब्यात भरून पाठवलं. रिकामा डबा परत करायचा नसतो.

२ एप्रिल

मान्यता "तूर्त स्थगित". पत्र आलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण गेल्या महिन्यात वाटायचं तितकं नाही.

९ एप्रिल, गुरुवार

अरिबाला रोज तास संपल्यावर शिकवते. रिकाम्या वर्गात ती पहिल्या बाकावर, मी फळ्यापाशी. ती फक्त गणितापुरतं बोलते. "कळलं." "नाही कळलं." "परत." यापलीकडे एक अक्षर नाही. डोकं तेज आहे, पण हात आळशी, पायऱ्या गाळते. मी रागावले की मुकाट्याने परत लिहिते.

आज खडू खाली ठेवताना तिने एकदम विचारलं, "मॅडम, यात पास झाल्याशिवाय पदवी नाही, इतकं महत्त्वाचं आहे, मग याला क्रेडिट शून्य का?"

मी म्हटलं, "अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना विचार बाई. मला ते तिसऱ्या पानापर्यंत कळलं नव्हतं."

ती किंचित हसली. म्हणजे ओठ हलले. मीही हसणार होते, पण तेवढ्यात तिने पुढचं गणित पुढ्यात सरकवलं.

आज विचारायचं होतं — घरी का नाही सांगितलंस? माझी माफी का मागितलीस? आईला माझं खरं रूप का नाही दाखवलंस? काहीच विचारलं नाही. मॅट्रिक्स शिकवली.

२४ एप्रिल

झाली परीक्षा. बाहेर येऊन म्हणाली, "सोपा होता." मग दोन पावलं जाऊन वळली. "थँक यू मॅडम."

१८ मे, सोमवार

अरिबा पास! अठ्ठ्याऐंशी! निकाल मोकळा झाला. जुलैत रुजू होणार.

दशरथने सगळ्या स्टाफरूमला पेढे वाटले, नसीमबानूंनी पाठवलेले. "मॅडममुळं पोरीचं वर्स वाचलं," त्याने परस्पर जाहीर केलं. मी "काहीतरीच काय" म्हटलं, पण फार जोरात नाही म्हटलं.

खरं लिहायचं तर आज बरं वाटतंय. खूप दिवसांनी. चुकले, खोटं बोलले, मान्य. पण शेवटी सांगितलं ना? किती जण सांगतात? दिग्विजयने तोंड शिवलेलं, वर्गातला दुसरा कोणी बोलायला तयार नव्हता, पुरावा म्हणून कागदाचा कपटा नव्हता. गप्प बसले असते तर जन्मात कोणाला कळलं नसतं. मान्यता घालवून सांगितलं मी. थोडं तरी माझ्या बाजूला मांडायला हरकत नसावी.

आज फडके हौदाचा वळसा न घेता सरळ दुकानावरून आले. इम्तियाजभाईंनी हात केला. मीही केला.

१३ जुलै, सोमवार

नव्या प्रथम वर्षाचा पहिला तास. परिपत्रक चारही पानं वाचून दाखवलं. पोरं जांभया देत होती, देऊ दिल्या. ब्रिज कोर्स तीनदा सांगितला. विनोद केला नाही.

तास संपल्यावर एक मुलगी टेबलाजवळ आली. जुवेरिया. नसीमबानूंनी शब्द पाळला. म्हणाली, "यंदा फेट्याचं नाही सांगितलंत मॅडम?"

मी म्हटलं, "तुला कोणी सांगितलं फेट्याचं?"

"ऐकलंय ना! दीदीने पहिल्या वर्षाचे सगळे तास फोनवर रेकॉर्ड केलेत. कॉमर्सवाल्यांना गणित एकदा ऐकून कळत नाही म्हणून. बारावीपासून मी तेच ऐकतेय. त्यात दीदीचा प्रश्न आहे, तुमचा फेटा आहे, मग सगळे हसतात." मग माझ्याकडे न बघता पिशवीची चेन ओढत म्हणाली, "बैठकीच्या आदल्या दिवशी तिने तोच तास काढून ठेवला होता. नुसतं बटण दाबायचं होतं. घरी आली तर ऐकवलाच नाही म्हणाली. मी जाम भांडले. तर म्हणते, मॅडम स्वतः सांगतील, थांब."

त्या बैठकीत अरिबाचा फोन टेबलावर होता. तिची बोटं त्यावर होती. सरांनी आत ठेव म्हटल्यावर ती क्षणभर थांबली होती, माझ्याकडे बघत.

मी पंख्याकडे पाहत होते.